आता हजेरी आपली आपण घ्यायची

(३१ ऑगस्ट १९९२ रोजी घाटनांदूर येथे झालेल्या गायरानधारक व भूमिहीन आदिवासींच्या मेळाव्यात आमच्यातर्फे केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एक-दोन मुद्दे यात घातले आहेत. ज्या वस्तीवर वाचता येणारे पोरगे असेल, तिथे त्याने हे सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावे.)

पालापालावरून, गायराना-गायरानावरून आलेल्या बापांनो, आयाबहिणींनो, भावांनो आणि पोरापोरींनो,

मूग काढायला आलाय, गावात गणपतीची गडबड आहे, आणि तरी तुम्ही रोज बुडवून आलात. कुणी परळीकडून रेल्वेनं आलं, कुणी रात्रीच निघून पायी आलं. म्हणून आज गोड बोलून वेळ काढायचा नाही, असं आम्ही येतानाच ठरवलंय. आजचं बोलणं जरा कडू लागंल. ते आधी आम्हाला लागतंय, मग तुम्हाला.

आजचा दिवस कशाचा? १५ ऑगस्टला देश सुटला, १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा निजामाच्या हातातून सुटला. पण पारधी, कैकाडी, भामटे, उचले यांच्या मानेवरचा गुन्हेगार जमातीचा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे देशाच्या मागून पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्याला आज चाळीस वर्षं झाली.

हा कायदा काय होता, हे पोरांना ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. इंग्रजानं १८७१ साली तो उत्तरेकडं लागू केला, १९११ मध्ये मुंबई इलाख्यात आणला, १९२४ मध्ये आणखी घट्ट केला. त्यात माणसानं काय केलं हे बघत नव्हते, तो कुणाच्या पोटी आला हे बघत होते. एकदा जमातीवर शिक्का बसला की नाव वहीत, अंगठ्याचा ठसा वहीत. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तर काटेरी तारेच्या आत वसाहत केली आणि बाया-लेकरांसकट माणसं कोंडली. स्वातंत्र्य आल्यावर १९४९ मध्ये अय्यंगार समिती नेमली, तिनं हा कायदा काढा म्हणून सांगितलं, तेव्हा तो गेला. मागून १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. कायद्याचं नाव बदललं, पण गावात चोरी झाली की गाडी अजून आपल्याच पालाकडं वळते. १९७२ मध्ये वन्य प्राण्यांचा कायदा आला आणि ज्या फासावर आपले बापजादे तितर, लाव्हरी, हरीण धरून पोट भरत होते, तो फासही गुन्हा झाला. त्याच्या बदल्यात हातात काय द्यायचं, याचा विचार कुणी केला नाही.

हे सगळं तुम्ही आमच्या सभांतून ऐकलंय. पोलिसांचं, पाटलाचं, सावकाराचं बोलायला आम्हाला जोर लागत नाही, आणि ते बोलणं आम्ही सोडणारही नाही. पण आज दुसरी गोष्ट काढायचीय. सोलापूरची तार कधीच निघाली. आपल्या मनातली तार कुणी काढायची?

हे आमचंच सांगतो. आज सकाळी स्टेशनात उतरलो. खिशात तिकीट होतं, हातात मेळाव्याची पत्रकं होती, काही म्हणजे काही वावगं केलं नव्हतं. फलाटाच्या टोकाला खाकी कपडा दिसला आणि आमचे पाय आपोआप दुसऱ्या अंगाला वळले. वीस पावलं गेल्यावर ध्यानात आलं, तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडं बघून आम्ही मागं फिरलो आणि सरळ वाटेनं बाहेर पडलो. कुणी हटकलं नाही. पण पळायला कुणी सांगितलंही नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मेलेला कायदा आमच्या पायात जिवंत होता.

असाच तो आपल्या तोंडात आहे. लेकरू खोटं बोललं की आपणच म्हणतो, ‘शेवटी जातीवर गेलं.’ कुणी शिकून नोकरीला लागला की म्हणतो, ‘पारध्याचा वाटत नाही बघ,’ आणि हे आपण कौतुकानं म्हणतो! शाळेतलं पोरगं आडनाव सांगतं पवार, नाहीतर चव्हाण, आणि जात विचारली की गप बसतं. आई वर्गाच्या दाराशी आली तर ‘ही आमच्या गल्लीतली बाई’ म्हणतं. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. वर्गात काही हरवलं की पहिल्यांदा त्याचंच दप्तर झाडतात, तर ते दुसरं काय करणार? पण त्यानं घरात काय ऐकलं, तेही विचारा. घरात त्यानं ऐकलं की आपली जातच असली, आपल्यात राम नाही, आपलं कधी भलं व्हायचं नाही. बाहेरच्यानं चोर म्हटलं तर माणूस भांडतो तरी. आईबापानं म्हटलं तर त्याला खरं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, हा जमिनीचा मेळावा आहे, हे मनाचं पुराण कशाला? त्याचंच सांगतो.

२८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं निर्णय काढला. भूमिहीनांनी गायरानावर शेतीसाठी केलेलं अतिक्रमण १४ एप्रिल १९९० च्या आधीचं असेल, तर ते नियमित करायचं. १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. तो निर्णय आभाळातून पडला नाही. त्याच्यामागं दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये केलेले भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, त्यात तुरुंगात गेलेली माणसं आहेत. पण निर्णय निघाला म्हणजे सातबारा हातात आला, असं होत नाही. ताबा आधीपासूनचा आहे हे शाबीत करावं लागतं. त्याला गाव नमुना एक-ई मध्ये नोंद पाहिजे, दंडाची पावती पाहिजे, पंचनामा पाहिजे, शेजाऱ्याची साक्ष पाहिजे.

आपल्या एका वस्तीवर काय झालं ते ऐका. गावाचं नाव घेत नाही, ती माणसं इथंच बसलेली आहेत. दोन भावक्यांनी एकाच माळावर दगड वेचून, बाभळी खोदून जमीन केली. बाजरी, तूर घेत होते. मध्येच लग्नाच्या देण्याघेण्यावरून वाद झाला, जातपंचायत बसली, एका घराला दंड बसला. पुढं पाहणीला माणसं आली. त्यांनी पहिल्या घराला विचारलं, ‘शेजारचा कधीपासून कसतो?’ हा म्हणाला, ‘तो? तो कुठं कसतो, तो तर फरारी असतो.’ दुसऱ्यानं ह्याच्याबद्दल तेच सांगितलं. पाहणी करणाऱ्यांना आणखी काय पाहिजे होतं? दोघांचेही जबाब लिहून घेतले आणि दोघांचीही नोंद राहिली. आज त्या माळावर गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची जनावरं चरतात.

त्या दोघांकडं पावत्या होत्या. दहा वर्षांची मेहनत होती. ती जमीन पाटलाच्या काठीनं गेली नाही, ती आपल्या जिभेनं गेली. आणि ‘फरारी’ हा शब्द बघा. तो आपल्या भाषेतला आहे का? तो ठाण्याच्या वहीतला शब्द. भावाला मारायला आपण शत्रूचीच काठी उचलली.

दुसरी गोष्ट पंचायतीच्या दंडाची. भांडण मिटवायला पंच बसतात, त्याला आमचं काही म्हणणं नाही. कोर्टात आपल्याला कोण विचारतो? पण पाच-पाच दिवस बैठक चालवायची, दोन्ही अंगानं दारू प्यायची, बाईच्या खरेपणासाठी उकळत्या तेलात हात घालायला लावायचा, आणि शेवटी जो दंड बसंल तो भरायला माणसानं गायरान मक्त्यानं द्यायचं, ह्याला न्याय म्हणायचं का? एकदा जमीन मक्त्यानं गेली की ट्रॅक्टर त्याचा, पेरा त्याचा, आणि पुढच्या पाहणीला बांधावर उभा तोच. देवीच्या नावानं घेतलेला दंड शेवटी सावकाराच्या घरी जातो. देवीला हे पटत असंल असं आम्हाला वाटत नाही.

तिसरी गोष्ट. आम्ही राजपारधी, ते फासेपारधी. आम्ही त्यांच्यात बसत नाही, ते आमच्यात बसत नाहीत. बांधाला बांध लागून मांगाचं, बौद्धाचं गायरान आहे, तर त्याच्या घरचं पाणी चालत नाही. त्यालाही आपण चालत नाही. वरच्यानं आपल्याला खाली ढकललं, आणि आपण आणखी खाली कोण आहे का ते शोधत बसलो! गायरान मोडायला जेव्हा माणसं येतात, तेव्हा ती जात विचारून पीक सोडतात का? नांगर सगळ्यांवरून फिरतो.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांना शेकडो वर्षं गुलाम करून ठेवलं, आणि त्यांना आपल्याच रंगाची, केसांची लाज वाटायला लावली. तिथं १९६६ मध्ये ब्लॅक पँथर उभे राहिले, त्यांच्या नावावरून आपल्याकडं १९७२ मध्ये दलित पँथर झाली. दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिको नावाचा तरुण होता. तो आपल्या माणसांना सांगत फिरायचा की आधी स्वतःला कमी समजायचं सोडा, मग पुढची लढाई. १९७७ मध्ये तो पोलीस कोठडीत मेला. कोठडीतलं मरण काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या महाराष्ट्रातच बघा. शहाद्याला अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना उभं केलं, १९७२ मध्ये तिथं भूमुक्ती मेळावा झाला, गेलेल्या जमिनी मागितल्या. आणि त्याच लढ्यातल्या भिल्ल बायांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. जमिनीची लढाई आणि घरातली लढाई त्यांनी वेगळी ठेवली नाही. कारण नवऱ्यानं दारूत घालवलेली जमीन परत मागायला शेवटी बायकोलाच जावं लागतं.

आता एक खबरदारी. ‘सुधारा, चोऱ्या सोडा, अंघोळ करा, मग तुम्हाला हक्क देऊ,’ असं सांगणारे पुष्कळ साहेब आहेत. आम्ही ते म्हणत नाही. हक्क हा चांगल्या वागणुकीचं बक्षीस नाही. गावातला पाटील दारू पितो म्हणून त्याचा सातबारा कुणी रद्द करत नाही. आपला हक्क आजच्या आज आहे, आपण जसे आहोत तसा आहे. जबाबदारी आहे ती साहेबाला दाखवायची नव्हे, एकमेकांशी पाळायची.

म्हणून चोरीबद्दलही उघड बोलू. आपल्यात काहीजण चोरी करतात. हे लपवून उपयोग नाही. पोटासाठी करतात, आणि माल घेणारा उजळ माथ्यानं बाजारात बसतो, त्याला कुणी धरत नाही, हेही खरं. पण एकानं केली की वस्तीवरच्या शंभर जणांचं धान्य उपसलं जातं, म्हाताऱ्यांना मार बसतो. तेव्हा त्या एकाला आपण विचारायचं. ठाण्यात नेऊन द्यायचं नाही, आपल्यात बसवून विचारायचं: बाबा, तुझ्या घरात दाणा नव्हता तर आम्हाला का नाही सांगितलंस? आणि त्यानं उलट विचारलं, ‘सांगितलं असतं तर दिला असता का?’ तर त्याचं उत्तर आपल्यापाशी असलं पाहिजे.

त्यासाठी आज इथं हात वर करून काही गोष्टी ठरवायच्या आहेत.

एक, पाहणीच्या वेळी कुणीही आपल्या शेजाऱ्याच्या विरोधात जबाब द्यायचा नाही. भांडण असंल तर ते पाहणीनंतर.

दोन, पंचायतीत दारू नाही, तेलाची परीक्षा नाही, आणि कोणत्याही दंडापायी गायरान मक्त्यानं जाणार नाही. पंचांत बाया बसतील.

तीन, प्रत्येक वस्तीवर एक डबा. जमेल तो पायलीभर दाणा त्यात. ज्याची चूल पेटली नाही, त्यानं न लाजता मागायचा.

चार, पावत्या, दाखले, अर्जाच्या पोचा एका पेटीत राहतील. चावी बाईकडं.

पाच, पोरगं-पोरगी शाळेत जाणार. आणि जात विचारली तर मान वर करून सांगणार: पारधी.

सहा, बांधाला लागून ज्याचं गायरान, तो आपला भाऊ. त्याची जात बांधाच्या अलीकडं आणायची नाही.

बापांनो, आयांनो, आपल्या आज्यांनी हजेरी दिली. नाव पुकारलं की मान खाली घालून ‘हाय’ म्हणायचं. ती वही सरकारची होती, ती आपल्याला चोर म्हणून मोजत होती. आता आपण आपली वही घालू. दर अमावस्येला वस्तीवर बसायचं, नावं पुकारायची. कोण आलं, कोण नाही आलं, जे नाही आलं ते आजारी आहे का उपाशी आहे का कोठडीत आहे, ते त्याच रात्री बघायला जायचं. कुणाची नोंद लागली, कुणाची राहिली, तेही त्याच वहीत.

पहिली हजेरी ह्या येत्या अमावस्येला. नाव पुकारलं की मान वर करून ‘हाय’ म्हणा. आम्ही फिरत फिरत येऊच, आणि आमचंही नाव त्यात घाला. आम्ही नाही आलो तर आम्हालाही विचारा.

कसेल त्याची जमीन!