बालसेवेचें शिक्षण कोठें होतें?
(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



बालसेवेच्या शिक्षणाविषयीं दोन शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. आपल्यांतील कांहीं तरुण भगिनी लवकरच अंगणवाडीच्या कामास लागणार आहेत. माझें बोलणें मुख्यतः त्यांच्याकरितां आहे.

सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या भगिनींनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. मुलांना कसें शिकवावें हें त्या तेथेंच, मुलांपाशीं बसून शिकल्या.

पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलास दवाखान्याकडे पाठविणें, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याचें ज्ञान, अशा या सहा सेवा होत. पुस्तकांत त्यांचे सहा धडे असतात. परंतु मूल एकच असतें.

समजा, एक मूल गाण्यांत भाग घेत नाहीं. नवखी सेविका म्हणेल, हें मंद आहे. अनुभवी सेविका आधीं त्याला वजनकाट्यावर ठेवील, वाढीच्या तक्त्यावरील रेषा दोन महिने वर चढली नाहीं हें पाहील, दंडाचा घेर मोजील आणि सायंकाळीं त्याच्या घरीं जाईल. आई पहाटेंच मजुरीस जाते, मूल दुपारपर्यंत उपाशी राहतें, हें तेव्हां कळेल. हें पाहणें कोणत्याही वर्गांत बसून येत नाहीं.

म्हणून भगिनींनो, आरंभींचे महिने जाणत्या सेविकेच्या सोबतीनें काम करा. न समजलें तर विचारण्यास लाजूं नका. आणि वजन अंदाजानें कधींही लिहूं नका. सहा महिन्यांवरील आणि पांच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर तें तीव्र कुपोषणाचें लक्षण होय. तेथें खोटा आंकडा लिहिणें म्हणजे त्या मुलाच्या मदतीची वाट बंद करणें होय.

जाणत्या सेविकांनाही एक विनंति आहे. शिकाऊ मुलीला केवळ झाडलोट व नोंदवह्या देऊं नका. काटा तिच्या हातीं द्या, चुकली तर प्रेमानें सांगा. तिची चूक आज तुमच्यासमोर सुधारली, तर उद्यां एखादें मूल वांचेल.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों.