उंचीकडे लक्ष असू द्या



"बाप ठेंगणा, म्हणून मूलही ठेंगणे," असा निर्वाळा आपल्याकडे सहज दिला जातो. मूल हसतेखेळते असते, फारसे रोडही दिसत नाही; मग चिंता कशाची, असे घरच्यांना वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील नीट पोसलेल्या बालकांची मापे घेतली, तेव्हा देश व वंश भिन्न असूनही त्यांची उंची जवळजवळ सारखीच वाढत असल्याचे दिसून आले. त्यावरूनच २००६ साली वाढीची प्रमाणे ठरली. त्यांनुसार दोन वर्षे पूर्ण झालेला मुलगा ८१.७ सेंटिमीटरहून व मुलगी ८० सेंटिमीटरहून कमी भरल्यास वाढ खुंटली असे समजतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालील शेकडा ३५.५ बालके अशी आढळली. इतक्या घरांचा दोष वंशावर ढकलता येणार नाही.

बालक पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी सुमारे १२. मेंदूची झपाट्याने होणारी वाढही याच काळातली. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या या हजार दिवसांत झालेली हानी पुढे पुरतेपणी भरून निघणे कठीण. पहिलीच्या वर्गात आम्हां शिक्षकांना मुलाच्या हाती पाटी देता येते; ते दिवस परत देता येत नाहीत.

मग करावे काय? पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. वरचे पाणी नको, गुटी नको. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. येथेच पुष्कळदा चूक होते. पाणचट पेजेने इवलेसे पोट भरते, पण पोषण होत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतके अन्न दाट असावे. भात किंवा नाचणी, तीत शिजवलेली डाळ, घोटलेली पालेभाजी, चमचाभर तूप वा तेल. चालत असल्यास अंडे, काटे काढलेली मासळी. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोनतीनदा, नवव्यापासून तीनचारदा आणि पुढे मधल्या वेळी थोडे खाणे द्यावे. चहाबिस्किटांनी भूक मरते, हाड वाढत नाही.

जुलाब होत असता मुलाला उपाशी ठेवू नये. क्षारसाखरेचे पाणी, दूध व अन्न चालू ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण अधिक द्यावे.

१९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्या. दोन वर्षांखालील मुलाला निजवूनच मोजावे लागते. आकडा वयाच्या मानाने मागे दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एकच विनंती. मुलाची वाढ आईच्या पोटातच सुरू होते. घरात सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाऊन उठणारी गर्भवती असेल, तर आजपासून तिचे पान सर्वांच्या आधी वाढा.