समुद्रतळाचे प्राणी आणि किनाऱ्याची आरोग्यपरीक्षा



अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले, तरी या भागातील पाणी भीमेच्या वाटेने कृष्णेला आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळते; शिवाय वरच्या अंगाला पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात कसे उतरते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. किनाऱ्याच्या आरोग्याची चर्चा येथे भरलेल्या या परिषदेत व्हावी, यात म्हणूनच काही वावगे नाही. समुद्राचे आरोग्य पाण्याच्या बाटलीत जेवढे कळते त्याहून अधिक तळाच्या गाळात कळते, आणि तो गाळ वाचण्यासाठी परदेशी सूत्रांपेक्षा आपल्याच किनाऱ्याची दीर्घकालीन नोंद आणि प्राणी ओळखणारी माणसे अधिक आवश्यक आहेत, हे या भाषणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

समुद्राच्या, खाडीच्या किंवा जलाशयाच्या तळावर अथवा तळाच्या गाळात राहणाऱ्या जीवांना नितलस्थ जीव म्हणतात. कोकणातल्या बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या आणि कालवे, चिखलातले खेकडे, शंखातल्या गोगलगायी हे त्यांतले ओळखीचे चेहरे होत. परंतु संख्येने बहुधा वरचढ असतात ते पॉलिकीट, म्हणजे शरीराच्या प्रत्येक वलयावर राठ केसांचे झुबके असलेले, गांडुळाच्या नात्यातले समुद्री कृमी. मासा पाणी बिघडले की दूर निघून जातो, प्लवक प्रवाहाबरोबर वाहून जातात. तिसरी किंवा पॉलिकीट मात्र एकदा गाळात स्थिरावल्यावर फारसे हलू शकत नाहीत आणि जे काही खाली साचेल ते त्यांना सोसावेच लागते. पाण्याचा नमुना ज्या घटकेला घेतला त्या घटकेपुरतेच सांगतो, आणि रात्री सोडलेले रासायनिक सांडपाणी सकाळच्या ओहोटीबरोबर निघून गेले तर तो निर्दोष ठरतो. तळाच्या प्राण्यांमध्ये मात्र गेल्या कित्येक महिन्यांचा, कधी वर्षांचा परिणाम जमा झालेला असतो.

हा परिणाम वाचण्याची पद्धत दिसायला साधी आणि करायला कष्टाची आहे. होडीतून दोरीने सोडलेला पोलादी जबडा तळाला टेकताच मिटतो आणि ठरावीक क्षेत्रफळाचा गाळ वर आणतो. निरोगी ठिकाणी त्या गाळाचा वरचा थर फिकट तपकिरी असतो, कारण तेथवर प्राणवायू पोहोचलेला असतो. जेथे सेंद्रिय घाण साचून प्राणवायू संपला आहे तेथे काळाकुट्ट थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हा गाळ सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुतात, चाळणीवर उरलेले सारे फॉर्मालिनमध्ये टिकवतात आणि त्यात रोझ बेंगाल हे रंजकद्रव्य घालतात, ज्यामुळे प्राणी गुलाबी होऊन वाळू-शिंपल्यांच्या चुऱ्यातून उठून दिसतात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक प्राणी चिमट्याने वेचून त्याची जाती ठरवणे आणि मोजणी करणे, हे काम होडीतल्या एका दिवसामागे प्रयोगशाळेतले कित्येक आठवडे मागते.

मोजणीतून निष्कर्ष कसा काढावा याचा पाया टी. एच. पिअर्सन आणि आर. रोझेनबर्ग यांनी १९७८ साली घातला. सेंद्रिय प्रदूषणाच्या उगमापाशी तळ निर्जीव असतो. थोडे पुढे मोजक्याच जाती, पण अतोनात संख्येने आढळतात. आणि अंतर वाढत जाईल तसतशी जातींची विविधता परत येते, असा क्रम त्यांनी दाखवून दिला. कॅपिटेला कॅपिटाटा हा धाग्यासारखा लालसर कृमी मोजक्या जातींच्या त्या पट्ट्यात माजतो, कारण तो सेंद्रिय गाळ खातो, कमी प्राणवायूत तगतो आणि भराभर वाढतो. नुसती संख्या पाहून तळ भरभराटीला आला असे म्हणणारा अभ्यासक म्हणूनच फसतो. स्पेनमधील बास्क प्रांतातील आंखेल बोर्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या विचाराला अंकाचे रूप दिले. त्यांच्या ‘आंबी’ या निर्देशांकात प्रत्येक जातीला, अत्यंत संवेदनशील ते अत्यंत संधिसाधू, अशा पाच गटांपैकी एकात बसवतात आणि गटांच्या प्रमाणावरून शून्य ते सहा यांमधील गुण काढतात. गुण जितके कमी तितका तळ निरोगी, आणि एकही प्राणी न सापडणाऱ्या तळाला सात.

पश्चिम किनाऱ्यावर या विद्येची परंपरा जुनी आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, गोव्यातील दोना पावला येथील शास्त्रज्ञांनी मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांचा तळ अनेक वर्षे तपासला. परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोहखनिजाच्या खाणींतून वाहून आलेल्या बारीक गाळामुळे तिसऱ्यांचे उत्पादन आणि तळाची जीवसृष्टी घटल्याचे दाखवले. पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांचे कल्ले अशा गाळाने तुंबतात आणि त्यांच्या पिल्लांना बसायला लागणारा वाळूमिश्रित तळ बुजून जातो. ओहोटीला तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या टोपलीत पडलेली तूट आणि शास्त्रज्ञाच्या तक्त्यातली घट यांचे कारण एकच होते.

कधी कधी एकटी जातही विशिष्ट विषाची साक्ष देते. जहाजांच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग मिसळत असत. त्याच्या अत्यल्प मात्रेनेही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची जननेंद्रिये फुटतात. १९९९ साली विश्वकिरण आणि अनिल यांनी मुरगाव बंदर परिसरातील क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीत हा विकार नोंदवला. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ पासून अमलात आला. या विषाविरुद्धच्या पुराव्यात जगभरच्या गोगलगायींचा वाटा मोठा आहे.

वरवरच्या खुणांवरून तळाचे आरोग्य ओळखता येत नाही, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण ठाण्याची खाडी ठरावे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि महानगराचे सांडपाणी यांचा भार वाहणाऱ्या या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि हजारो गुलाबी पक्षी पाहून खाडी सुधारल्याचा समज सहज होतो. परंतु लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरस त्या शेवाळाला पोसतात. त्यामुळे पक्ष्यांची गर्दी हा निरोगी खाडीचा निर्वाळा ठरत नाही, तो तळाच्या प्राण्यांकडूनच घ्यावा लागतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हाही खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांतल्या नितलस्थ प्राण्यांच्या अभ्यासातून त्या आघाताचा माग काढला गेला.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. खाडीत पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात खारट, त्यामुळे तेथे मुळातच सोशीक जातींचे राज्य असते आणि निसर्गाचा ताण प्रदूषणाच्या ताणासारखा दिसू शकतो. त्यात अरबी समुद्राची स्वतःची एक खोड आहे: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर चढते, त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाचा श्वास कोंडतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ही प्राणवायूची टंचाई तीव्र होत असल्याचे जगापुढे मांडले. ऑक्टोबरात एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून कारखान्याला दोषी धरणे आणि त्याच टंचाईकडे बोट दाखवून कारखान्याला सोडून देणे, ही दोन्ही टोके म्हणूनच चुकीची आहेत. शेताची मूळ मोजणीच नसेल तर बांध सरकला की नाही हे कोणता तलाठी सांगणार? तळाच्या दीर्घकालीन नोंदीचेही तसेच आहे. युरोपच्या थंड पाण्यात ठरलेले जातींचे गट कोकणच्या गाळावर जसेच्या तसे लादण्याआधी आपल्या जातींचे वर्तन आपल्याच ऋतुचक्रात तपासले पाहिजे.

कायद्याची बाजू याहून दुबळी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांसाठी तळाच्या अपृष्ठवंशी प्राण्यांवर आधारित जैविक निकष तयार केले, ज्यांत जातींची सहनशीलता आणि विविधता पाहून पाण्याचे पाच वर्ग पाडले जातात. किनारी पाण्याचेही पाच वर्ग आहेत. परंतु त्यांची कसोटी विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, गढूळपणा, विष्ठेतील जिवाणू अशा पाण्याच्या गुणांवर टेकलेली आहे आणि तळाच्या प्राण्यांना तीत स्थान नाही. बंदर, पूल किंवा भराव यांच्या पर्यावरणीय अहवालांत नितलस्थ प्राण्यांचे एक प्रकरण असते खरे, पण एखाद्या हंगामातील नमुन्यांवर लिहिलेल्या अशा प्रकरणाला किनाऱ्याची नोंद म्हणणे म्हणजे शास्त्राची बोळवण करणे होय.

सर्वांत मोठी उणीव माणसांची आहे. भारतातील पॉलिकीट ओळखताना पिएर फोव्हेल यांच्या १९५३ च्या ग्रंथाचा आधार आजही घ्यावा लागतो. वर्गीकरणशास्त्र, म्हणजे जाती ओळखून त्यांची योग्य मांडणी करण्याचे शास्त्र, अभ्यासक्रमातून मागे पडत गेले, आणि जो कृमी ओळखताच येत नाही त्याला संवेदनशील किंवा संधिसाधू ठरवणार तरी कोण?

त्यामुळे या परिषदेने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. किनारी पाण्याच्या मानकांत नितलस्थ प्राण्यांच्या निकषाचा समावेश व्हावा. ठाणे, रत्नागिरी, मालवण आणि गोवा येथे ठरावीक ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, वर्षानुवर्षे न चुकता नमुने घेऊन ती आकडेवारी सर्वांना खुली ठेवावी. आणि प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत वर्गीकरणाला पुन्हा मानाचे स्थान द्यावे. सोलापूरच्या महाविद्यालयांनी या कामासाठी कोकणची वाट पाहू नये: उजनीच्या तळातील ट्युबिफेक्स कृमी आणि डासांसारख्या कायरोनोमस माश्यांच्या लाल अळ्या त्याच विद्येची मुळाक्षरे शिकवतात, आणि त्यांची मोजणी यंदाच्या हिवाळ्यात एक जाळी, एक चाळणी आणि एक सूक्ष्मदर्शक एवढ्या साधनांवर सुरू करता येते. ती येथील विद्यार्थ्यांनी सुरू करावी आणि पुढच्या तुकड्यांनी खंड न पाडता चालू ठेवावी, अशी आग्रहाची विनंती अध्यक्षपदावरून करण्यात येत आहे.