रेणूची साक्ष



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने रेणूंवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटत असेल. माझे शिक्षण शाळेतच संपले. पुढचे जे झाले ते पाळी सुटल्यावर, पुस्तक आणि पेन्सिल घेऊन. या विषयाकडे मला ओढले ते एका वासाने. १९९२ साली मी ज्या कारखान्यात होतो, तेथे यंत्रांचे भाग ‘सीटीसी’ने धूत. गोडसर वास, पेट घेत नाही, ग्रीस झटकन सुटते. ते यकृत नासवते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तक्रार केली तेव्हा साहेब म्हणाले, “वासाचे राहू द्या. हवेत किती आहे ते सांगा.” आम्ही गप्प बसलो.

सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. मध्ये कार्बनचा एक अणू, भोवती क्लोरीनचे चार. मधले बंध स्प्रिंगसारखे, सदैव थरथरणारे. १९२८ साली कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांनी दाखवले, की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल त्या थरथरीने ठरतो. सीटीसीची ठळक रेषा मूळ रेषेपासून ४५९ वर पडते. म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लाटांच्या संख्येत तेवढा फरक.

आता हिशेब पाहा. मला तो फार आवडतो. चांगल्या यंत्रात ही रेषा फुटून शेजारीशेजारी तीन दिसतात, सुमारे ४६२, ४५९ आणि ४५६ वर. का? क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, ३५ आणि ३७. चारांतले साधारण तीन हलके. चारही हलके असे रेणू शंभरात ३३, एक जड असलेले ४२, दोन जड असलेले २०. म्हणून मधली रेषा सर्वांत उंच! या थरथरीत चारही क्लोरीन एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात. कार्बन जागचा हलत नाही. तेव्हा वेग ठरतो क्लोरीनच्या वजनाच्या वर्गमुळाने. चारही जड झाले तर ४६२ चे सुमारे साडेचारशे होतील. एका जड अणूमागे तीनचा फरक. कागदावर तीन, यंत्रातही तीन. त्या रात्री मला झोप आली नाही.

परंतु ही थरथर अवरक्त किरणांना दिसत नाही, कारण चारी बाजू सारख्याच हलतात. जिच्यात कार्बन क्लोरीनच्या मधून डोलतो ती दिसते, ७९० च्या आसपास, आणि फार जोराने. कारखान्यातली हवा नळीत भरायची, अवरक्त किरण आरपार सोडायचे, आणि ७९० पाशी किती गिळले गेले ते मोजायचे. साहेबांना द्यायचे उत्तर ते हे.

ते मला सापडले तोवर सीटीसी जाऊ लागले होते. मॉन्ट्रियल करारात १९९० साली त्याचे नाव घातले गेले. पण ते आकाशातल्या ओझोनसाठी. धुण्याच्या टाकीशी उभ्या असलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता.

अलीकडे काही पिंपांवर मेथिलीन क्लोराइड हे नाव दिसते. दोन क्लोरीन, दोन हायड्रोजन. त्याचे ठळक शोषण साडेसातशेच्या आसपास आहे. माझी वही मी बरोबर आणली आहे. पाहायची असेल त्यांनी सभा सुटल्यावर मागून घ्यावी.