भेंडीवरील हळद्या आणि ‘परभणी क्रांती’



जिंतूर तालुक्यातील चारठाणे प्राचीन मंदिरांसाठी विख्यात आहे. परंतु तेथील शिवारात भेंडी लावणाऱ्यास चिंता असते ती हळद्या रोगाची. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे पिवळट व राठ होतात. बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. हा रोग विषाणूजन्य असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. रोगट झाड कोणत्याही फवारणीने बरे होत नाही.

१९७२ साली परभणीस स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) उपाय बियाण्यातच शोधला. ‘पुसा सावनी’ या लोकप्रिय, पण रोगास बळी पडू लागलेल्या वाणाचा रानभेंडीशी संकर करून, पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ सिद्ध झाली. वाण सरळ असल्याने घरचे बी धरता येते; लहान शेतकऱ्यास हा लाभ थोडाथोडका नव्हे. मात्र मधमाश्यांमुळे भेंडीत परागसंकर होतो. बियाण्याचे क्षेत्र अन्य भेंडीपासून दूर असावे.

विषाणूही बदलतो. अनेक ठिकाणी ‘परभणी क्रांती’वरही आता रोग आढळतो. असे पहिले झाड दिसताच ते उपटून नष्ट करावे आणि विद्यापीठाच्या तज्ज्ञांस कळवावे. नव्या वाणाचे संशोधन अशाच वार्तेपासून सुरू होते.