एकाच वनाच्या दोन सहली



चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीचे वन १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात समाविष्ट आहे. येथील शके ११२८ च्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापिला. या विद्यास्थानी आपण मुलांस वृक्ष वाचावयास शिकवावे.

त्यासाठी वनखात्याच्या अनुमतीने एकाच पायवाटेने दोनदा जावे : भाद्रपदात आणि फाल्गुनात. फाल्गुनातील निष्पर्ण सालई मुलांस मेलेली वाटेल. पाणी राखण्यासाठीच ती पाने गाळते, हे तिच्याच खाली उभे राहून सांगावे. रान मेले असे ज्यास वाटते, तो वाळल्या गवतात जळती काडी टाकण्यास कचरत नाही. ते जिवंत आहे हे ज्यास उमजले, तोच त्यास जपेल.