पैसे परत, पण प्रवासाचं काय?



समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका बाईंना मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळाली आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे स्लीपर वर्गात मूळ भाड्यात 100 टक्के सवलत देते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. मुलानं प्रमाणपत्र दाखवून महिनाभर आधी खिडकीवर दोन तिकिटं काढून ठेवली. ठरलेल्या दिवशी मायलेकरं एसटीनं परभणीला येतात, स्टेशनवर पोचतात आणि कानावर पडतं, आजची गाडी रद्द.

हे संकट काही फार दूरचं नाही. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस तेलंगणात कामारेड्डी भागात अतिवृष्टीनं रुळांखालची खडी वाहून गेली. निजामाबाद-सिकंदराबाद मार्गावरच्या गाड्या रद्द झाल्या, काही वळवाव्या लागल्या. परभणीकरांना मुंबईला नेणारी देवगिरी एक्स्प्रेस त्याच वाटेनं येते. पाऊस तिकडं पडला, तरी खोळंबा इकडं होतो. शिवाय परभणी ते छत्रपती संभाजीनगर या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं 31 जुलै 2025 रोजी मंजुरी दिली. काम हवंच आहे. पण रुळांचं काम म्हटलं की 'ब्लॉक' आले आणि ब्लॉक आले की गाड्या रद्द होणं आलं.

अशा वेळी नियम काय सांगतो? गाडी रेल्वेनंच रद्द केली, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत. ऑनलाइन तिकिटाचे आपोआप खात्यात जमा होतात. खिडकीवरचं तिकीट असेल, तर गाडीच्या नियोजित वेळेपासून 72 तासांच्या आत ते खिडकीवर जमा करावं लागतं. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि जायचं नसेल, तरी पूर्ण पैसे मिळतात. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट परत करायला हवं. हे दोन नियम घरातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावेत.

पण गोम पुढंच आहे. ज्या तिकिटाचं मूळ भाडंच माफ, त्याचे पूर्ण पैसे परत म्हणजे किती? आरक्षण शुल्कासारखी किरकोळ रक्कम. तेवढ्यात रुग्णालयाची तारीख काही परत मिळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत जागा मिळवायची, तर बहुतेक वेळा तत्काळ तिकीटच उरतं, आणि तत्काळला कोणतीही सवलत लागू नाही. रद्द गाडीचं तिकीट घेऊन दुसऱ्या गाडीत चढावं, तर माणूस विनातिकीट ठरतो. मग भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड. सवलतीचं तिकीट गाडीत मिळत नाही, आणि जवळ असलं तरी फरक भरून वरच्या वर्गात बसता येत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त भुर्दंड.

सवलतीचा गैरवापर होऊ नये म्हणून नियम कडक असावेत, हे मान्य. प्रवाशानं स्वतःहून बेत बदलला, तर त्याचं नुकसान त्यानं सोसावं. पण इथं बेत रेल्वेनं बदललेला असतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तर 20 मार्च 2020 पासून बंदच झाली. रुग्ण, दिव्यांग आणि विद्यार्थी यांची सवलत तेवढी चालू राहिली. त्यांच्या बाबतीत तरी हात आखडता घेऊ नये.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण मोठ्या हौसेनं म्हणतो. त्या जर्मनीत स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं. पण मुक्कामी पोचायला 20 मिनिटं किंवा अधिक उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं. त्याच तिकिटावर प्रवासी दुसऱ्या गाडीनं जाऊ शकतो. युरोपीय संघाच्या नियमांतही, तासाभराचा उशीर होणार असेल तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या गाडीनं जायचं, ही निवड प्रवाशाची असते.

आपल्याकडं हे अशक्य आहे का? मुळीच नाही. रेल्वेची 'विकल्प' नावाची योजना 2015 पासून आहे. प्रतीक्षा यादीतल्या प्रवाशानं आधी पसंती दिली असेल, तर त्याला दुसऱ्या गाडीत जागा दिली जाते. जादा भाडं घेत नाहीत आणि सवलतीचं तिकीटही चालतं. मग ज्याचं तिकीट पक्कं होतं आणि गाडी रेल्वेनं रद्द केली, त्याला हीच सोय का नको? रद्द गाडीच्या रुग्ण आणि दिव्यांग प्रवाशांना पुढच्या गाडीत त्याच तिकिटावर आधी जागा द्यावी, एवढंच मागणं आहे. आपले खासदार, प्रवासी संघटना यांनी ते लावून धरायला हवं.

जिंतूरच्या त्या माउलीला तिकिटाचे पैसे परत नको आहेत. तिला वेळेवर परळला पोचायचं आहे.